न्यायमूर्ती छागला यांच्या वाटेने: चर्चगेट-फोर्टमधील एका वारसाफेरीचे परीक्षण

मुंबईच्या चर्चगेट आणि फोर्ट भागात जुन्या इमारती दाखवणाऱ्या फेऱ्या आता पुष्कळ निघतात आणि त्यांतील बहुतेक फेऱ्यांमध्ये कमानी, घुमट, दगडाची जात आणि वास्तुविशारदांची नावे एवढेच हाती लागते. गेल्या महिन्यात एका रविवारी मी ज्या फेरीला गेलो होतो तिचा विषय इमारत नव्हता, माणूस होता. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला यांची कारकीर्द त्यांच्या कामाच्या जागी किंवा तिच्या आसपास उभे राहून सांगायची, अशी या फेरीची कल्पना आहे. ती चालवणारा गट लहान आहे. खाली काही तक्रारी मांडल्या आहेत. त्या मी गटाला पत्राने कळवल्या आहेत आणि सुधारणा करण्यास त्यांना अवधी मिळावा म्हणून गटाचे नाव येथे देत नाही. शुल्क माणशी सहाशे रुपये आहे, त्यात बत्तीस पानांची पुस्तिका मिळते. एका तुकडीत अठराच माणसे घेतात. फेरी साडेतीन तास चालते. आणि उच्च न्यायालयाच्या आतील भागासाठी आगाऊ परवानगी काढलेली असते.

हे परीक्षण कोण लिहीत आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यावर माझी मते अवलंबून आहेत. मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखक म्हणून काम करून निवृत्त झालो. न्यायाधीश बोलतात आणि आपण उतरवून घेतो, यात माझा जन्म गेला. त्यामुळे न्यायाधीशाचा मोठेपणा मी त्याच्या भाषणांवरून कधीच मोजला नाही. तो डिक्टेशन कसे देतो, त्याच्या बोर्डावरची प्रकरणे कशी हलतात, आणि हरलेला पक्षकार दाराबाहेर पडताना त्याचा चेहरा कसा असतो, यावरून मोजला. छागलांचे नाव मी नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या शिरस्तेदारांच्या तोंडून ऐकले. ते म्हणाले होते, "छागला निकाल राखून ठेवत नसत. युक्तिवाद संपला की तिथेच, भर कोर्टात, निकाल सुरू." तेव्हापासून या माणसाविषयी माझ्या मनात कुतूहल होते आणि ते शमवण्यासाठी मी साताऱ्याहून पहाटेची गाडी पकडून आलो होतो.

फेरी चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयापासून सुरू होते. मार्गदर्शक बाई स्वतः वकिली करून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांचा आवाज बारीक आहे. पण वाक्य स्वच्छ आहे आणि पाठ केलेले वाटत नाही. 30 सप्टेंबर 1900 रोजी मुंबईत एका खोजा व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे आडनाव मर्चंट होते. मर्चंट आडनावाची माणसे इतकी होती की नावावरून कोण कोणता हे कळेना, म्हणून आजोबांनी 'छागला' हे नाव सुचवले. कच्छी बोलीत त्याचा अर्थ लाडका. झेवियर्समधील शिक्षण, ऑक्सफर्डचे लिंकन कॉलेज, 1922 मध्ये बॅरिस्टर होऊन परत येणे, हा भाग बाईंनी झरझर सांगितला आणि ते योग्यच केले. थांबल्या त्या पुढच्या काळावर. छागलांनी बॅरिस्टर जिना यांच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली. कामे मिळत नव्हती. वर्षांमागून वर्षे हा तरुण कोर्टात येऊन बसत होता आणि हातात ब्रीफ, म्हणजे पक्षकाराचे काम, नसताना दुसऱ्यांची कामे ऐकत होता. या काळात ते मुस्लिम लीगमध्ये जिनांबरोबर होते. परंतु भारताच्या भावी राज्यघटनेचा आराखडा मांडणाऱ्या 1928 च्या नेहरू अहवालावरून दोघांची वाट वेगळी झाली. ज्या ज्येष्ठाच्या चेंबरमधून आपली वकिली उभी राहायची आहे त्याच्याशी फारकत घेणे म्हणजे काय, हे कोर्टाच्या आवारात वावरलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

विधी महाविद्यालयाचा संबंध असा की 1927 पासून काही वर्षे छागला तेथे घटनात्मक कायदा शिकवत आणि 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तेथे शिकवू लागले. दोन्ही माणसांना पुढे राज्यघटनेशी किती जवळचे काम पडणार होते! एकाने ती लिहिण्याचे काम शिरावर घेतले आणि दुसऱ्याने ती लागू झाल्याच्या पहिल्याच वर्षांत तिचा अर्थ लावायला घेतला. बाईंनी हे दोन वाक्यांत सांगून टाकले. येथे पाच मिनिटे अधिक द्यायला हवी होती, असे मला वाटते.

तेथून ओव्हल मैदान ओलांडून उच्च न्यायालयाकडे जातात. सकाळी साडेनऊला मैदानात क्रिकेटचे आठ-दहा डाव एकाच वेळी चालू होते आणि त्यांच्या पलीकडे ती काळ्या दगडाची लांबच लांब इमारत आणि शेजारी राजाबाई टॉवर. 1862 मध्ये स्थापन झालेल्या या न्यायालयाची सध्याची इमारत 1871 ते 1878 या काळात कर्नल फुलर यांच्या देखरेखीखाली उभी राहिली आणि जानेवारी 1879 मध्ये तेथे पहिले कामकाज झाले. माथ्यावर न्याय आणि दया यांचे दोन पुतळे आहेत. हातात कललेला तराजू धरलेल्या आणि एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माकडाचे कोरीवकाम सर्वांनाच पाहायचे होते आणि बाईंनी ते दाखवले, परंतु त्यात वेळ घालवला नाही. मैदानाच्या कडेला झाडाखाली आम्हांला उभे करून त्यांनी जी तारीख सांगितली ती मात्र सर्वांच्या लक्षात राहिली: 15 ऑगस्ट 1947. ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी छागला या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि ऑक्टोबर 1958 पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या जुन्या ज्येष्ठाने वेगळा देश मिळवला, आणि हा शिष्य त्याच सुमारास मुंबईच्या न्यायासनावर बसला.

आत जाण्यापूर्वी मोबाइल बंद करून पिशवीत ठेवावे लागतात. छायाचित्रे घेता येत नाहीत. हे मला फार आवडले, कारण त्यामुळे सगळे जण पाहू लागले. दगडी जिना, उंच छत, रविवार असल्यामुळे रिकामा व्हरांडा; एरवी जेथे काळे कोट आणि फायलींचे गठ्ठे यांतून वाट काढावी लागते तेथे आमच्याच पावलांचा आवाज येत होता. मुख्य न्यायाधीशांच्या कोर्टाबाहेर छागलांचा पुतळा आहे. तो 1985 मध्ये बसवला गेला. चौथऱ्यावर इंग्रजीत लिहिले आहे की ते थोर न्यायाधीश होते, थोर नागरिक होते आणि सर्वांत मुख्य म्हणजे थोर माणूस होते. पुतळ्यांवर मोठे शब्द लिहिण्याची रीतच आहे. पण या तीन शब्दांचा क्रम विचारपूर्वक लावलेला दिसतो. न्यायाधीश पहिला, नागरिक नंतर, माणूस शेवटी आणि सर्वांवर.

या ठिकाणी फेरीतील सर्वांत चांगला भाग येतो. बाईंनी आम्हांला पुतळ्यासमोर अर्धवर्तुळात उभे केले आणि एका जुन्या निकालपत्रातील उतारा, न्यायाधीश ज्या गतीने डिक्टेशन देईल त्या गतीने, सुमारे तीन मिनिटे वाचून दाखवला. कागद हातात होता, पण त्यांनी तो आधी कित्येकदा वाचला असावा, कारण त्या मधूनच मान वर करून आमच्याकडे पाहत वाक्य पुरे करत होत्या. त्या म्हणाल्या, "समजा, आत्ताच दोन्ही वकिलांचे बोलणे संपले आहे. तुमच्यापुढे टिपण नाही, दुसरा दिवस नाही. असा निकाल तुम्हांला याच क्षणी द्यायचा आहे." मी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने उतरवून घेऊ लागलो. सात वर्षांत मी लघुलिपीची एक आउटलाइन काढली नव्हती, तरी हात चालला. आणि उतरवता उतरवता लक्षात आले की या डिक्टेशनमध्ये कोठेही मागे येऊन खोडावे लागत नाही. आधी प्रकरणाची हकीकत, मग मुद्दा, मग या बाजूचे म्हणणे, मग त्या बाजूचे, मग कायद्याचे कलम, मग उत्तर. ज्याने लघुलेखन केले आहे त्यालाच कळेल की बोलणाऱ्याचे विचार सरळ रेषेत असले की लिहिणाऱ्याचा हात कसा सैल पडतो. घोळदार डिक्टेशन देणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत; त्यांच्या एका परिच्छेदासाठी सहा सहा वेळा "ते खोडा" असे ऐकावे लागे आणि संध्याकाळी टंकलेखन करताना मूळ म्हणणे काय होते तेच सापडत नसे.

निकाल भर कोर्टात लगेच देण्यात केवळ हुशारीचे प्रदर्शन नाही. पक्षकार समोर बसलेला असतो. आपले म्हणणे ऐकले गेले की नाही, हे त्याला त्याच दिवशी, त्याच आवाजात कळते. निकाल राखून ठेवला की मधले महिने त्याच्या घरात काय होते, ते तारखेला येणाऱ्या माणसाला विचारावे. छागलांच्या पद्धतीवर आक्षेपही घेता येतो: गुंतागुंतीच्या प्रकरणात घाई होऊ शकते, आणि एखादा मुद्दा रात्री विचार केल्यावरच उलगडतो. बाईंनी हा आक्षेप स्वतःहून मांडला, हे त्यांच्याविषयी आदर वाढवणारे होते.

निकालांपैकी दोनच त्यांनी निवडले. पहिला 1951 चा, नरसू अप्पा माळी यांच्या खटल्यातील. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला होता. एकाच धर्माच्या लोकांपुरता असा कायदा करणे हा राज्यघटनेखाली भेदभाव ठरतो काय, असा प्रश्न होता. छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा उचलून धरला आणि त्याबरोबरच असे ठरवले की विधिमंडळाने न केलेला, परंपरेने चालत आलेला वैयक्तिक कायदा हा घटनेच्या तेराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने 'कायदा' नाही. याचा परिणाम असा की मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो कायदा घासून पाहण्याचा दरवाजा तेथेच बंद झाला. आजही या निकालावर वाद चालू आहे. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. आमच्या गावात त्यांचे नाव अभिमानाने घेतात, पण त्यांच्या या निकालाविषयी कोणी बोलत नाही. मला स्वतःला तो निकाल पटत नाही. स्त्रीला समान हक्क देणारी घटना घराच्या उंबऱ्याबाहेर थांबते, असे म्हणण्यासारखे ते झाले. दुसरा निकाल दारूबंदीचा. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील काही तरतुदी छागलांच्या न्यायालयाने 1950 मध्ये रद्द ठरवल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये त्यांतील काही तरतुदी परत वैध केल्या. ज्या सरकारने दारूबंदी हे आपले ब्रीद मानले होते त्या सरकारच्या आवडत्या कायद्याला नवीन घटनेच्या पहिल्याच वर्षी असे तपासणे सोपे नव्हते.

यानंतर मध्यवर्ती कोर्टाबाहेरचा तो संगमरवरी फलक. मराठी माणूस येथे हळवा होतो आणि मीही झालो. लोकमान्य टिळकांवरील 1908 चा राजद्रोहाचा खटला या कोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला. 1897 मध्ये हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो जामीन दिला होता. अकरा वर्षांनी दावर न्यायासनावर होते आणि त्यांनी जामीन नाकारला. त्या वेळी टिळकांच्या बाजूने जामिनाचा अर्ज चालवणारे तरुण वकील होते जिना. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले, 22 जुलै 1908 रोजी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेले. शिक्षेपूर्वी काही म्हणायचे आहे काय, असे विचारल्यावर टिळक जे बोलले ते या फलकावर कोरलेले आहे. ज्यूरीने काहीही ठरवले तरी आपण निर्दोष आहोत. जगाचे नियंत्रण करणाऱ्या याहून श्रेष्ठ शक्ती आहेत. आणि आपण ज्या कार्याचे प्रतिनिधी आहोत ते आपल्या सुटकेपेक्षा आपल्या यातनांनीच अधिक वाढावे अशी ईश्वरी इच्छा असेल, असा त्याचा आशय.

टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1956 मध्ये, या फलकाचे अनावरण मुख्य न्यायाधीश या नात्याने छागलांनी केले. म्हणजे ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाच्या प्रमुखाने आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर लावले. मी नोकरीत असताना रोजनाम्यात आरोपीचे म्हणणे अनेकदा लिहिले. ते कागदावर राहते, मग फाइल बंद होते, मग रेकॉर्ड रूममध्ये जाते. येथे ते दगडात कोरून कोर्टाच्या दारालाच लावले आहे. न्यायाधीश, वकील आणि पक्षकार रोज त्याच्यासमोरून जातात. आमच्या तुकडीतील एक शाळकरी मुलगा अक्षरांवरून बोट फिरवू लागला तेव्हा त्याच्या आईने हात मागे घेतला, बाई म्हणाल्या, "असू द्या. हात लावू नये हे खरे, पण वाचतो आहे तो." जिनांच्या चेंबरमधून आलेल्या माणसाने, जिनांनी ज्याच्या जामिनासाठी खटपट केली होती त्या टिळकांचा फलक उघडला, ही सांगड बाईंनी घातली नाही. ती मी येथे घालून ठेवतो.

1956 च्या ऑक्टोबरपासून सुमारे दोन महिने छागला मुंबईचे हंगामी राज्यपालही होते; म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्य आले तेव्हा राजभवनात ते होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी या शहरात त्याच वर्षी रक्त सांडले होते. याविषयी फेरीत एक अक्षर नाही. 1955 मध्ये पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीकडे जाण्याच्या मार्गाच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, त्यात भारतातर्फे तदर्थ, म्हणजे त्या प्रकरणापुरते नेमलेले, न्यायाधीश म्हणून छागला बसले, एवढे पुस्तिकेत आहे.

उच्च न्यायालयातून बाहेर पडल्यावर चहासाठी पंधरा मिनिटे मिळतात आणि नंतर आयुर्विमा महामंडळाच्या 'योगक्षेम' इमारतीपर्यंत चालत जातात. ही इमारत पुढे 1963 मध्ये झाली, पण मुंधडा प्रकरण सांगायला दुसरी चांगली जागा नाही. महामंडळ 1956 मध्ये स्थापन झाले आणि एका वर्षाच्या आतच त्याने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग (शेअर) विकत घेतले. विमेदारांचा पैसा अडचणीतील उद्योगपतीला वाचवण्यासाठी वापरला गेला काय, हा प्रश्न फिरोज गांधी यांनी लोकसभेत उपस्थित केला. सरकारने जानेवारी 1958 मध्ये छागलांचा एकसदस्य आयोग नेमला. चौकशी मुंबईत, उघड झाली. अर्थसचिव, महामंडळाचे अधिकारी, खुद्द अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांच्या साक्षी लोकांसमक्ष झाल्या. ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. फेब्रुवारीत अहवाल आला. सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असे छागलांनी म्हटले, आणि कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. नेमणूक, साक्षी, अहवाल आणि राजीनामा हे सगळे दोन महिन्यांत उरकले. आज चौकशी आयोगांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते. एकेका आयोगाची टिपणे टंकलिखित करण्यात आमच्या शेजारच्या कार्यालयातील माणसे निवृत्त झाली. येथे बाईंचे निवेदन फार रंगले आणि रंगावे असेच ते आहे.

मात्र याच ठिकाणी फेरीची खरी उणीव सुरू होते. 1958 च्या सप्टेंबरमध्ये महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने न्यायदानाच्या सुधारणेविषयी आपला चौदावा अहवाल दिला. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी नेमणूक स्वीकारू नये, कारण ज्या सरकारविरुद्धची प्रकरणे त्यांच्यापुढे चालतात त्याच सरकारकडून पुढे पद मिळण्याची शक्यता राहिली तर न्यायासनाच्या स्वातंत्र्याला बाध येतो, अशी या आयोगाची भूमिका होती. छागला या आयोगाचे सदस्य होते. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मुख्य न्यायाधीशपद सोडून अमेरिकेतील भारताचे राजदूतपद स्वीकारले. सेटलवाडांना ही गोष्ट खटकली आणि त्यांनी ती पुढे लिहूनही ठेवली.

बाई म्हणाल्या, "1958 मध्ये देशाने त्यांना वॉशिंग्टनला बोलावले," आणि पुढे निघाल्या. मी विचारले, "बाई, चौदाव्या अहवालाचे काय?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, तो मोठा विषय आहे, वेळ कमी आहे." वेळ कमी होता हे खरे. पण न्यायाधीशाची सार्वजनिक जीवनातील कारकीर्द हाच ज्या फेरीचा विषय आहे, तिला हा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही. छागलांच्या बाजूनेही बोलता येते. कायद्याने त्यांना कोणतीही मनाई नव्हती. ज्या सरकारच्या अर्थमंत्र्याला त्यांच्या अहवालामुळे घरी जावे लागले त्या सरकारने त्यांना बक्षीस दिले, असे म्हणणे अवघड आहे. आणि स्वतंत्र होऊन अकराच वर्षे झालेल्या देशाला अशा माणसांची परदेशात गरज होती. तरीही ज्या तत्त्वाच्या अहवालात आपण सहभागी होतो ते आपल्यालाच लागू करण्याची वेळ आली, तेव्हा ते बाजूला राहिले, हे नाकारता येत नाही. त्यानंतर या देशात माजी सरन्यायाधीश राज्यपाल झाले, राज्यसभेवर गेले, आणि दर वेळी हाच प्रश्न उठला. छागलांविषयी मला प्रेम आहे म्हणूनच हा प्रश्न त्यांच्या पुतळ्यासमोर, त्या तीन शब्दांखाली उभे राहून विचारला जावा असे वाटते. ऐकणाऱ्यांमध्ये कायद्याचे चार विद्यार्थी होते. त्यांना तो ऐकण्याची सर्वाधिक गरज होती.

पुढचा सगळा काळ मग घाईत उरकला जातो. वॉशिंग्टननंतर 1962 मध्ये लंडनला उच्चायुक्त, 1963 मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री, 1964 मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरविषयी भारताची बाजू, त्याच वर्षी शिक्षणविषयक कोठारी आयोगाची नेमणूक, 1966 मध्ये परराष्ट्रमंत्री. सप्टेंबर 1967 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विद्यापीठांतील उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीऐवजी झपाट्याने प्रादेशिक भाषा करण्याचे धोरण त्यांना मान्य नव्हते; त्यामुळे देशाचे तुकडे पडतील, असे त्यांचे मत होते. या मताशी माझा मूळातून मतभेद आहे. 1998 पासून महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली आणि नंतर मी मराठीत साक्षी उतरवल्या. "मला जे म्हणायचे होते तेच लिहिले आहे" असे म्हणत साक्षीदार सही करताना पाहिले. ज्ञान आणि न्याय लोकांच्या भाषेत गेल्याने देश मोडत नाही. पण मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा माणूस समोर असला की मतभेदही आदराने मांडावा लागतो. हा भाग मराठी तुकडीसमोर चार वाक्यांत संपवणे म्हणजे संधी वाया घालवणे होय.

आणीबाणीला मात्र फेरी न्याय देते. ऑक्टोबर 1975 मध्ये, वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना आणि हजारो लोक तुरुंगात असताना, अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत पंच्याहत्तर वर्षांचे छागला उघडपणे बोलले. परिषदेला आपल्या सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडेही होते. राज्यपाल, राजदूत, मंत्री ही सगळी पदे मागे पडल्यावर, गमावण्यासारखे एक स्वास्थ्यच उरले असताना, हे भाषण झाले. 9 फेब्रुवारी 1981 रोजी ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दफनाऐवजी दहन झाले. ओव्हलच्या कडेला परत येऊन बाईंनी एवढे सांगितले आणि फेरी संपवली.

आता तक्रारी. जाहिरातीत मराठी तुकडी असे स्पष्ट लिहिले असताना इंग्रजी तुकडीतील पाच जणांना ऐनवेळी आमच्यात घेतले आणि बाईंना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली. वेळ कमी पडण्याचे खरे कारण हेच. वाहत्या रस्त्यावर त्यांचा आवाज मागच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक घेतला तर प्रश्न सुटेल. पुस्तिकेचा कागद चांगला आहे, छायाचित्रे स्वच्छ आहेत, परंतु मुद्रितशोधन कोणी केलेले नाही: 'अनावरण'च्या जागी 'अनावर' छापले आहे आणि एका पानावर अनुच्छेदाचा क्रमांकच उलटा पडला आहे. कायद्याच्या विषयात आकडा चुकला की सगळेच चुकते. ज्येष्ठांसाठी हेही सांगतो की जिना चढावा लागतो आणि उन्हात सुमारे दीड तास उभे राहावे लागते. पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर असू द्यावी.

सहाशे रुपये मला अधिक वाटले नाहीत. वकिलीच्या विद्यार्थ्यांनी, न्यायालयातील नोकरांनी आणि ज्यांची एखादी तारीख अजून चालू आहे अशा पक्षकारांनीही ही फेरी करावी. पुतळ्यासमोरचे ते तीन मिनिटांचे वाचन आणि टिळकांचा फलक एवढ्यासाठी मी पुन्हा प्रवास करीन. पुढच्या महिन्याच्या तुकडीसाठी नाव दिले आहे. बाईंना फोन करून विचारले की चौदाव्या अहवालातील निवृत्त न्यायाधीशांविषयीचा भाग मी टंकलिखित करून अठरा प्रती आणल्या तर वाटता येतील का. त्या म्हणाल्या, "आणा. चहाच्या वेळात बसून वाचू सगळे."